करडईच्या तेलावरचं इंजिन

आबासाहेब मिरगणे मेले आणि दिवस वर यायच्या आत सगळं बाळे गाव म्हणू लागलं, इंजिनानं खाल्लं.

लोकांना तेवढंच पाहिजे असतं. गेल्या साली त्याच इंजिनानं ड्रायव्हर शिवप्पाचा जीव घेतला, यंदा मालकाचा घेतला, म्हणजे ते मेलं माणूसखाऊच, असा निकाल पाणी भरता भरता लागलासुद्धा. फौजदार विरुपाक्ष थोबडे सोलापुराहून टांग्यानं मळ्यात उतरले तेव्हा तिथं जत्रा भरली होती. बाया तोंडाला पदर लावून उभ्या, म्हातारे बांधावर बसलेले.

"इथं काय तमाशा आहे? व्हा मागं!" थोबडे खेकसले.

थोबड्यांचा पारा नेहमी असाच. माणूस तापट, पण नाक आणि डोळे जागच्या जागी. ते वाकून इंजिनाच्या खोलीत शिरले.

आबासाहेब मोठ्या चाकाशेजारी जमिनीवर पडले होते. उपरण्याचा एक तुकडा गळ्यात, दुसरा चाकाच्या आऱ्यात. हवालदार कोंडीबानं अपघाताचा पंचनामा मनातल्या मनात लिहूनसुद्धा टाकला होता.

"कुणी पाहिलं पहिल्यांदा?"

एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस पुढं आला. इंजिनाचा आत्ताचा ड्रायव्हर रुद्रप्पा, मेलेल्या शिवप्पाचा धाकटा भाऊ.

"म्या, सायेब. सकाळी कामावर आलो तवा."

"इंजिन चालू होतं?"

"न्हाय. उपरणं चाकात गुतलं हुतं. त्यानं चाक आवळलं आन इंजिन गप झालं आसंल. म्या इळ्यानं उपरणं कापलं आन मालकाला खाली घेतलं."

"आणखी कशाला हात लावलास?"

"कशालाच न्हाय."

"काल संध्याकाळी इंजिन कोण चालवत होतं?"

"मालकच. काल सोमवार की. म्या सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेलतो. मालक म्हनले, जा तू, मी बगतो."

थोबड्यांनी चाकाला हात घालून जोर लावला. चाक हलकेच फिरलं, अर्ध्यावर गेलं आणि आतली हवा दाबली गेल्यावर पुन्हा मागं आलं. त्यांनी आणखी एकदा फिरवून पाहिलं. मग हात रुमालाला पुसला.

आबासाहेबांचं हे इंजिन साऱ्या सोलापुरात गाजलेलं. तीस सालच्या मार्शल लॉच्या धामधुमीनंतर गावात स्वदेशीची हवा होती आणि आबासाहेबांना त्या हवेत मिरवायची भारी हौस. शेतात करडई पेरायची, घाण्यावर तेल काढायचं, त्या तेलावर इंजिन चालवून विहिरीचं पाणी उपसायचं. "इलायती घासलेटाचा एक थेंब माझ्या मळ्यात यायचा नाही," असं ते चारचौघांत छातीवर हात मारून सांगत. इंजिन चालू झालं की धुराला भज्यांचा वास यायचा. रस्त्यानं जाणारे गाडीवान नाक वर करून म्हणायचे, आबासाहेबानं कढई चढवली वाटतं!

मढं सिव्हिलला गेलं. दुपारी डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून कोंडीबाचा पंचनामा बोंबलला.

"चाकात अडकलेलं उपरणं एका बाजूनं ओढतं," डॉक्टर म्हणाले. "इथं वळ गळ्याभोवती सारखा आहे, आणि मानेच्या मागं पिळाची खूण आहे. मागून कुणीतरी उपरणं धरून पिळलंय. चाकात अडकवलं ते मेल्यावर."

म्हणजे खून. गाव बिचारं उगाच इंजिनाला शिव्या देत होतं.

कोंडीबानं मात्र वेळ घालवला नाही. संध्याकाळच्या आत त्यानं शिवप्पाच्या बायकोला, शिवबाईला, चौकीवर आणून उभं केलं. शिवप्पा गेल्यापासून ती सोलापुरात गिरणीत कामाला होती. काळी, शिडशिडीत बाई. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही.

"सायेब, हिनं वर्षभर शिव्याशाप दिल्यात आबासायेबाला. बाजारात, देवळात, कुटं म्हनून सोडलं न्हाय," कोंडीबा म्हणाला. "आन काल दुपारी मळ्यात आलती ही. दोगातिगांनी बगितलंय."

"खरं आहे?" थोबड्यांनी विचारलं.

"खरं हाय," शिवबाई म्हणाली. "शाप दिलं. रोज देत हुते. तळतळाट लागावा म्हनूनच देत हुते."

"का?"

"सगळ्या गावाला ठावं हाय का ते. गेल्या साली मामलेदार आन शहरातली बडी मानसं इंजिन बगाया आलती. त्या दिवशी इंजिनाचं डोकं फुटलं आन माझा नवरा गेला. ह्या आबासायेबानं मढ्याम्होरं हुबं ऱ्हाऊन सांगितलं, ड्रायव्हर दारू पिऊन हुता. गळ्यात लिंग असलेला मानूस, सायेब! कंदी थेंबाला शिवला न्हाय. आन आता मी दारुड्याची बायकू. माजी लीला दारुड्याची पोर. तिची ठरलेली सोयरीक मोडली."

"मग काल कशाला आली होतीस?"

"दर म्हैन्याला जाते. एकच मागते. चावडीम्होरं हुबं ऱ्हा आन खरं सांग. माझा नवरा प्याला नव्हता एवडं बोल."

"काय म्हणाले ते?"

"दर बारीला हाकलून देत हुता. काल न्हाय दिलं. खाली मान घालून ऐकत बसला."

"आणि तुला राग आला, तू..."

"म्या कशाला मारीन त्याला?" ती एकदम उसळली. "त्यो मेला तर माझ्या नवऱ्याचं खरं कोन सांगनार? तुमी? का ह्यो कोंडीबा? त्येला जित्ता ठिवायला म्या देवाला नवस बोलले आस्ते!"

थोबडे तिच्याकडं बघत राहिले. चौकीत अशी उत्तरं रोज ऐकायला मिळत नाहीत.

"दिराशी बोलणं आहे तुझं?"

"भावजींशी? थू! भावाला मारलं त्याचंच मीठ खाल्लं. त्याच इंजिनावर जाऊन बसले. म्या तोंड बगत न्हाय त्येंचं."

गावसुद्धा रुद्रप्पाबद्दल हेच म्हणत होतं. पोटासाठी भावाला विसरला, असं.

दुसऱ्या दिवशी थोबडे मळ्याच्या शेजारणीकडं गेले. सोनाबाई नावाची ही म्हातारी बांधालगतच्या खोपटात राहायची. जिभेला हाड नाही, पण कान आणि नाक लई तिखट.

"सोमवारी दिवेलागणीला काय ऐकलंस, आजी?"

"इंजिन चालू हुतं. भज्याचा वास घमघमत हुता. मेलं त्या वासानं म्हातारपनी जिबंला पानी सुटतं बगा."

"मग?"

"मग आबासायेब वरडला. एकदाच. म्हनलं, आसंल रागावला कुनावर. त्याला वरडायला काय लागतंय!"

"आणि इंजिन बंद पडलं?"

"लगीच कुटं? चालूच हुतं की. पर वास पालटला."

थोबड्यांनी मान वर केली. "म्हणजे?"

"भज्याचा वास गेला, आन कंदिलाचा वास आला. घासलेटाचा. थोडा येळ तसाच. मग इंजिन गप झालं. म्या सुनंला म्हनलं पन, ह्येच्या मळ्यात घासलेट कुटनं आलं ग?"

हे ऐकून कोंडीबाच्या अंगात वारं शिरलं. परतीच्या वाटेवर तो टांग्यातच उड्या मारायला लागला.

"गंगाधर! सायेब, गंगाधर मिरगणे! सोलापुरात घासलेटाचं दुकान हाय त्याचं. आबासायेबाचा चुलतभाऊ. लोक त्याच्या तोंडावर म्हनायचे, तुझ्या भावाच्या मळ्यात तुझ्या मालाला बंदी. लई जळायचा त्यो!"

गंगाधर मिरगणे गोरा, गुबगुबीत, रेशमी कोटातला गृहस्थ निघाला. दुकानात शिरताच नाकात घासलेट भरलं.

"आबाच्या मळ्यात घासलेट?" तो ओरडलाच. "कुठं? कुठं होतं?"

"आम्ही तुम्हाला विचारतोय."

"अहो फौजदारसाहेब, मला ठाऊक असतं तर मी बँड लावून सगळ्या सोलापुराला सांगितलं असतं! पाच माणसांत बसलं की माझी खिल्ली उडवायचा. आणि हा लेकाचा स्वतः चोरून घासलेट वापरत होता?" गंगाधर मांडीवर थाप मारून हसला, मग चुलतभाऊ मेलाय हे आठवून त्यानं चेहरा लांब केला. त्या संध्याकाळी तो एका लग्नघरी होता आणि अर्ध्या सोलापुरानं त्याला पंगतीत पाहिलेलं होतं.

"ह्याला ठाऊक नव्हतं," बाहेर आल्यावर थोबडे म्हणाले. "इतका आनंद सोंग करून आणता येत नाही."

घरी जेवायला बसले तरी थोबड्यांचं लक्ष ताटात नव्हतं. बायको, अनसूया, ओट्यावर तेलाची बरणी घासत होती आणि चिडचिड करत होती.

"काय झालं?"

"करडईचं तेल ओघळलं की हे असं. डिंकासारखं चिकटून बसतं मेलं. नुसत्या पाण्यानं निघेल तर शपथ."

थोबड्यांचा घास हातातच राहिला. "मग कशानं काढतेस?"

"घासलेटाचं बोट लावायचं आणि पुसायचं. जेवा की, गार होतंय."

थोबडे ताटावरून उठलेच.

ते तडक शिवबाईच्या खोलीवर गेले. ती दारात भाकरी थापत होती.

"शिवबाई, नवरा घरी आला की त्याच्या कपड्यांना कसला वास यायचा?"

तिनं चमकून पाहिलं. "घासलेटाचा. रोज. म्या इचारलं की म्हनायचे, गप, कुनाला बोलू नको, मालकानं शपत घातलीया. त्ये गेले त्या दिवशी सकाळी मातूर घासलेटाचा वास न्हवता, निसता तेलाचा. का वो सायेब?"

"उद्या मळ्यात ये. तुझ्यासमोरच सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनाच्या खोलीत थोबडे, कोंडीबा, गंगाधर, शिवबाई आणि रुद्रप्पा एवढी माणसं होती. दारात सोनाबाई येऊन बसली, तिला कोण हाकलणार? आणि बाहेर बाळ्याची निम्मी वस्ती कान टवकारून उभी.

थोबड्यांनी मोठ्या टाकीवर थाप मारली. "ह्यात करडईचं तेल. सगळ्यांना दिसतं ते एवढंच."

मग त्यांनी तिच्यामागची फळी उपटली. भिंतीच्या कोनाड्यात एक लहान डबा होता. त्याची बारीक नळी मोठ्या नळीला येऊन मिळत होती आणि जोडावर एक तोटी होती. थोबड्यांनी बोट लावून गंगाधरच्या नाकापुढं धरलं.

"घासलेट!" गंगाधर म्हणाला. आता त्याला हसू आलं नाही.

"घासलेट. करडईचं तेल गार झालं की आत चिकटतं. म्हणून इंजिन चालू करताना घासलेट द्यायचं, गरम झालं की तेलावर घ्यायचं, आणि बंद करायच्या आधी पुन्हा घासलेटावर आणायचं. म्हणजे नळ्या आतून धुतल्या जातात. नाहीतर सकाळी इंजिन जाम. आबासाहेबांना हे चांगलं ठाऊक होतं. पण जगाला थेंब नाही म्हणून सांगितलेलं! तेव्हा डबा लपवला आणि ड्रायव्हरला शपथ घातली."

"गेल्या साली बडी मंडळी यायची होती. कुणाच्या नाकाला वास लागू नये म्हणून आबासाहेबांनी आदल्या दिवशी हा डबा रिकामा करायला लावला. इंजिन तेलावरच बंद झालं. सकाळी आत सगळं डिंकासारखं चिकटलेलं. इंजिन चालू होईना, पाहुणे खोळंबलेले, आणि पाहुण्यांदेखत आबासाहेब शिवप्पाला म्हणत राहिले, बत्तीनं इंजिनाचं डोकं आणखी तापव, आणखी तापव. लोखंड लाल झालं आणि फुटलं. खरं सांगितलं असतं तर स्वदेशी इंजिनाची अब्रू गेली असती. म्हणून शिवप्पाची घालवली."

शिवबाईनं भिंतीला हात टेकला. रडली नाही.

"आता सोमवारचं," थोबडे म्हणाले. "रुद्रप्पा म्हणतो, उपरणं अडकून इंजिन बंद पडलं. तसं झालं असतं तर इंजिन तेलावरच थांबलं असतं आणि सकाळपर्यंत जाम झालं असतं. मी एका हातानं चाक फिरवलं, ते फिरलं. सोनाबाईनं आधी ओरडणं ऐकलं, आणि घासलेटाचा वास त्याच्यानंतर आला. म्हणजे आबासाहेब मेल्यावर कुणीतरी सावकाश ही तोटी फिरवली, नळ्या धुऊन होईपर्यंत इथं उभा राहिला, मग इंजिन बंद केलं आणि उपरणं चाकात गुंडाळलं. फळीमागची तोटी कुणाला ठाऊक होती? शिवप्पाला, तो गेला. आबासाहेबांना, ते खाली पडले होते. तिसरा कोण, रुद्रप्पा?"

रुद्रप्पा तोटीकडं बघत होता.

"खून करून पळायचं सोडून तू इंजिन धूत बसलास," थोबडे म्हणाले. "का रे?"

"अण्णानं शिकवलं हुतं," रुद्रप्पा खालच्या आवाजात म्हणाला. "मेलास तरी चालंल, पर इंजिन तेलावर बंद करायचं न्हाय. हात आपसूक गेला, सायेब. बंद झाल्यावर कळलं म्या काय केलं ते."

बाहेर एकदम गलका उठला. कोंडीबानं काठी आपटून तो गप्प केला.

"वरीसभर वाट बगितली म्या," रुद्रप्पा म्हणाला. आता त्याचा आवाज चढला. "गाव थुकलं माझ्यावर, वैनी थुकली. थुका म्हनलं. इंजिन चालू पायजे, ह्यो एकटा पायजे, आन लोकांनी म्हनलं पायजे की इंजिनानं खाल्लं. जसं अण्णाला खाल्लं तसंच. रोज त्येला रामराम करत हुतो आन रोज त्येच्या नरड्याकडं बगत हुतो."

शिवबाई पुढं आली. "मरायच्या आदी काय बोलला त्यो?"

रुद्रप्पा पुन्हा तोटीकडं बघू लागला.

"भावजी, काय बोलला?"

"म्हनला, तुजी वैनी आलती. आता मला सोसवत न्हाय. उद्या चावडीम्होरं सांगतो, शिवप्पा प्याला नव्हता, चूक माजी हुती." रुद्रप्पाच्या कपाळाची शीर तटतटली. "माजं डोकं सणकलं, वैनी! अण्णा मातीत बसलाय. आन ह्यानं दोन वाक्यं बोलायची, लोकांनी म्हनायचं केवडा मोट्या मनाचा, आन ह्यानं घरी जाऊन गरम भाकरी खायाची? त्येच्यासाटी वरीस काडलं व्हय म्या?"

"मला तीच दोन वाक्यं पायजे हुती," शिवबाई म्हणाली.

ती आणखी एक पाऊल पुढं आली.

"तुमाला कुनी सांगितलं हुतं माजा सूड उगवायला? माज्या तोंडातला घास काडून घेतलात, भावजी. उद्या मिळनार हुता मला त्यो."

रुद्रप्पानं तोंड फिरवलं.

थोबडे खोटं आश्वासन देणाऱ्यातले नव्हते. ते म्हणाले, "बाई, पोलिसापुढं केलेली कबुली कोर्टात चालत नाही. तिथं हा नाही म्हणाला, तर चाकावर आणि वासावर शिक्षा होईलच असं मी सांगू शकत नाही."

"म्हंजी ह्यो सुटंल?"

"सुटू शकेल."

"आन आबासायेब चावडीम्होरं काय बोलनार हुता, ते सरकारी कागदावर कुटंच येनार न्हाय?"

"हा बोलला नाही तर नाही."

शिवबाईनं दिराकडं पाहिलं. वर्षात पहिल्यांदा त्याच्या डोळ्याला डोळा दिला.

"भावजी, कोर्टात समदं सांगायचं. त्यो शेवटी काय बोलला, ते त्येच्याच शब्दांत."

"वैनी, फाशी हाय त्यात."

"व्हय," ती म्हणाली. "हाय."

सेशन कोर्टात खटला उभा राहिला त्या दिवशी बाळे गाव लोटलं होतं. वकिलानं रुद्रप्पाला नको नको म्हणून सांगितलं होतं. तो पिंजऱ्यात उभा राहिला, एकदा वहिनीला शोधलं आणि सगळं सांगून टाकलं. आवाज बारीक होता. कारकुनानं लिहून घेतलं आणि लेखणी खाली ठेवली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून शिवबाई उठली. शिपाई धावला, पण न्यायाधीशांनी हात वर केला.

"काय पाहिजे, बाई?"

"सायेब, मालक शेवटी काय बोलला, तेवडं परत मोट्यानं म्हनायला सांगा. गावची मानसं मागं हुबी हायती. त्येस्नी ऐकू आलं न्हाय."

न्यायाधीशांनी रुद्रप्पाकडं पाहिलं. रुद्रप्पा वळला, गावाकडं तोंड केलं आणि छाती भरून म्हणाला, "शिवप्पा प्याला नव्हता. चूक माजी हुती."

शिवबाईनं पदर नीट केला आणि लेकीचा, लीलाचा, हात धरून ती बाहेर पडली. शिक्षा काय होते ते ऐकायला थांबली नाही.